जालशेठचा पहिला गिअर

माझ्या बायकोला यातलं काहीच माहीत नाही. भावाला नाही, गॅरेजमध्ये इतकी वर्षं माझ्याबरोबर राबणाऱ्या शांतारामला नाही. देवासमोर हात जोडून बसलो तरी हे तोंडातून निघालं नाही — मुलाच्या परीक्षेचं, आईच्या गुडघ्याचं काहीतरी बोलून उठायचो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा तुम्ही मधेच थांबवून "जाऊ दे रे" म्हणणार नाही म्हणून.

सोपं आहे तिथून सुरुवात करतो. इंजिनापासून. इंजिनाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

डहाणू रोडजवळ सरावलीला माझं गॅरेज आहे. टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर, चिकूच्या वाड्यांमधले डिझेल पंप — येईल ते करतो. पण माझ्या उस्तादांनी मला जुन्या गाड्यांचं वेड लावलं होतं, आणि ते वेड आजूबाजूच्या वाडीवाल्यांना ठाऊक होतं. म्हणून जालशेठ माझ्याकडे आले.

जालशेठ म्हणजे आगरच्या रस्त्याला मोठी चिकूची वाडी असलेले इराणी शेठ. तेव्हा सत्तरी उलटलेली. उंच, किंचित वाकलेले, डोक्यावर काळी टोपी, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. मला "हेमंत डीकरा", म्हणजे बाळा, म्हणायचे, आणि रागावले की "डॉक्टर". त्यांना मूल नव्हतं. घरात ते आणि त्यांच्या पत्नी खोरशेदबाई. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

गाडी त्यांच्या वडिलांची. विलायती, गोल पाठीची, गडद हिरवी. जालशेठ त्याच गाडीवर चालवायला शिकले, त्याच गाडीतून लग्न करून बाईंना घरी आणलं. तिच्या गिअरचा दांडा आजच्यासारखा दोन सीटच्या मधे नव्हता. स्टिअरिंगच्या मागे, आडवा, हाताच्या अगदी जवळ. तीन गिअर आणि रिव्हर्स. दांडा स्वतःकडे ओढून खाली नेला की पहिला. स्वतःकडे ओढून वर नेला की रिव्हर्स. एवढं कृपा करून लक्षात ठेवा. खाली पहिला, वर रिव्हर्स. सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे, आणि मी मात्र ती लांबवतो आहे — हे मलाही कळतंय.

इंजिन मेलं होतं. ब्लॉकला तडा गेलेला, पिस्टन आत धरून बसलेले. सुटे भाग मिळायची आशा नाही. शेठ बरेच दिवस रुसल्यासारखे वागले, मग एक दिवस स्वतः गॅरेजमध्ये आले आणि म्हणाले, दुसरं टाक. अच्छाडला हायवेलगत एका भंगारवाल्याकडे मला जुन्या जीपचं डिझेल इंजिन मिळालं, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. ही दोन्ही जोडीनेच घ्यावी लागतात — इंजिन एकाचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा, असं सहसा जमत नाही. मग इंजिन टेकवायला नवी फाउंडेशनं, तलासरीच्या लेथवाल्याकडून शाफ्ट तोडून आखूड करून घेणं, रेडिएटर पुढे सरकवणं. महिने गेले. शेठ अधूनमधून येऊन स्टुलावर बसायचे आणि शांतारामला ऐकू जाईल असं म्हणायचे, "याने लगीन केला तवा पन एवढा टाइम नाय लावला." बाईही एकदा आल्या होत्या. गाडीकडे बघून म्हणाल्या, यांनी मला कधी एवढं पुसलं असतं तर मीही अशीच चकचकीत राहिले असते.

शेठची अट एकच होती. दांडा स्टिअरिंगवरच राहायला हवा.

"एन्जिन कुठला पन टाक," ते म्हणाले, "पन माझ्या हाताला समजला नाय पायजे. मी गाडी डोक्याने नाय चालवत, हाताने चालवतो."

जीपचा गिअरबॉक्स तसा नसतो. त्याचा दांडा उभा, थेट वरून खोचलेला. तो काढून मी तिथे पट्ट्या बसवल्या आणि स्टिअरिंगपासून खाली येणाऱ्या सळ्या त्यांना जोडल्या. नाजूक काम होतं. मी खूश होतो स्वतःवर.

गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळी सगळं बसवून झालं. शांताराम घरी गेला होता. मी एकटाच गाडीत बसलो, दांडा स्वतःकडे ओढून खाली घेतला, हळूच क्लच सोडला — आणि गाडी मागे गेली. कॉम्प्रेसरला जेमतेम न लागता थांबली.

मी काय केलं सांगू? मी हसलो. एकटाच, गाडीत बसून. कारण कळायला क्षणही लागला नाही. सळ्या ज्या बाजूने आल्या होत्या त्याने चाल उलटी झाली होती. दांडा खाली गेला की गिअरबॉक्समधली पट्टी वर ढकलली जात होती. म्हणजे जिथे पहिला असायचा तिथे रिव्हर्स, आणि रिव्हर्सच्या जागी पहिला. दुसऱ्या-तिसऱ्याचंही तसंच. याला उपाय असतो. सळीच्या मधे एक आडवी पट्टी घालायची, मधोमध खिळ्यावर फिरणारी, बागेतल्या सी-सॉसारखी. एक टोक दाबलं की दुसरं वर येतं. चाल सुलटी होते.

ती पट्टी मी बसवली नाही.

लेथवाला गावाला गेला होता. मी थकलो होतो. पण ही कारणं आहेत का? मी ती मांडून पाहतो आणि मलाच त्यांचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आणि बाई त्याच गाडीने उदवाड्याच्या अग्यारीत दर्शनाला निघणार होते. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. तलासरी, अच्छाड, पुढे गुजरात — बाईंना याच गाडीने, त्यांनी स्वतः चालवत न्यायचं, हे शेठ वर्षभर घोकत होते. मी ठरवलं, सकाळी सांगू. शेठ, दांडा सध्या उलटा आहे, पहिला वर आणि रिव्हर्स खाली, परत आलात की नीट करून देतो. एका दमात सांगून होईल इतकंच. एवढं बोलायला काय लागतं?

सकाळी मी स्वतः गाडी चालवत वाडीवर नेली. उलटे गिअर टाकत नेली, आणि फाटकातून आत शिरेपर्यंत ते माझ्या हाताला सवयीचेही झाले होते.

उंबऱ्यावर खडूच्या रांगोळ्या, दाराला फुलांचं तोरण. शेठचा भाचा सायरस मुंबईहून आला होता. शेजारच्या वाड्यांमधली मंडळी, वाडीत काम करणारे लोक, सगळे ओट्यासमोर उभे. मी गाडी ओट्याला पाठ करून, तोंड फाटकाकडे करून लावली. शेठ सणाच्या पांढऱ्या डगलीत, लांब अंगरख्यात, खाली आले. गाडीभोवती फिरले नाहीत, बॉनेट उघडायला सांगितलं नाही. सरळ दार उघडलं, आत हात घातला आणि दांड्याच्या मुठीवर ठेवला. तसेच वाकलेले, बराच वेळ. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले की या हेमंतला मी बोललो होतो, माझ्या हाताला काही समजला नाय पायजे — आणि बघा, याने करून दाखवलं. माझ्या बापाची गाडी जशी होती तशी दिली याने.

लोक माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले.

तेव्हा बोलता आलं असतं ना? मी तुम्हाला विचारत नाही, स्वतःला विचारतो. इतक्या वर्षांत रोज विचारतो. पण त्या वेळी "तशी नाहीये शेठ, दांडा उलटा आहे" असं त्या सगळ्यांसमोर म्हणणं — मला जमलं नाही. मला वाटलं, ते गाडीत बसले की खिडकीशी जाऊन कानात सांगू. तेवढ्यात बाईंनी माझ्या हातात शेव-दह्याची बशी दिली. सणाला त्यांच्याकडे तेच करतात, साखरेत परतलेली शेव आणि गोड दही. मी म्हणालो, बाई, शेठशी जरा बोलायचंय. त्या म्हणाल्या, आधी गोड खा, एन्जिनच्या गोष्टी मग. मी खायला लागलो.

शेठ गाडीत बसले. बाईंनी गाडीवरून अंडं ओवाळून फोडलं, नारळ फोडला. राहिलं होतं पाणी शिंपडणं. तांब्या घेऊन त्या एका बाजूने पुढे आल्या, पुढे पाणी टाकलं, मग दुसऱ्या बाजूने मागे जायला लागल्या. शेठनी इंजिन चालू केलं. डिझेलचा तो आवाज ऐकून ते मोठ्याने हसले. खिडकीतून हात काढून लोकांना म्हणाले, पुढे कोन नको, सगळे मागे व्हा, मी फाटकापर्यंत काढतो, मग बाई बसेल.

सगळे मागे झाले. मीही, ओट्याच्या पायरीशी; बाकीचे वर ओट्यावर. ते पुढे जाणार होते म्हणून सगळे मागे झाले.

गाडी मागे आली.

बाई गाडी आणि ओट्याची पायरी यांच्या मधे होत्या.

मी त्या आवाजाबद्दल बोलणार नाही. एवढंच सांगतो की कुणी ओरडलं नाही. लोक ओरडतात असं आपल्याला वाटतं. कुणी ओरडलं नाही. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं आणि तांब्या फरशीवरून गडगडत गेला, तो थांबेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो. आणि शेठ — शेठ अजून समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर फाटकाकडे. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही, कारण त्यांच्या मनात ते पुढे निघाले होते. फाटक लांब का गेलं, हे त्यांना कळत नव्हतं. तो चेहरा मी बाजूने पाहिला. एखाद्या माणसाच्या तोंडावर इतकं कोरं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सायरसने गाडी ढकलायला लावली. बाई शुद्धीत होत्या. कमरेचं आणि मांडीचं हाड मोडलं होतं, हे नंतर कळलं. सायरसच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागून मोटारसायकलवर गेलो. जाताना माझ्या लक्षात आलं की शेव-दह्याची बशी मी ओट्यावर ठेवून आलोय. ठेवून. हातातून पडली नव्हती. दही सांडलंसुद्धा नव्हतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर शेठ बसले होते. मला बघितल्याबरोबर उठले आणि माझा दंड धरला.

"हेमंत, मी पहिला टाकला. मी पहिलाच टाकला, डीकरा."

सायरस उभा होता. शेजारचे दोघे-तिघे उभे होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण या बाबतीत शेवटचा शब्द माझा होता. मिस्त्री मी होतो.

मी म्हणालो, "शेठ, रिव्हर्स पडला असणार. घाईत होतं असं. हात चुकतो."

माझा आवाज कापला नाही. याचा धक्का मला आजही बसतो. मी खोटारडा माणूस नाही — म्हणजे तोपर्यंत नव्हतो, गिऱ्हाइकाला जुना पार्ट नवा म्हणून कधी लावला नव्हता. आणि हे वाक्य माझ्या तोंडातून असं बाहेर आलं, जणू आधीपासून तयार करून ठेवलं होतं. वर मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. समजावल्यासारखा.

शेठ ऐकेनात. पहिला टाकला, पहिला टाकला, एकच. शेवटी सायरस मला बाजूला घेऊन म्हणाला, हेमंतभाई, एकदा गाडी तपासा, गाडीत काही फॉल्ट असेल तर मामांच्या मनाला तेवढंच बरं वाटेल.

नीट ऐका. तो मला दार उघडून देत होता. त्याला उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं. मी म्हणालो, गॅरेजला नेऊन बघतो.

नेली. शटर अर्धं खाली ओढलं. शांतारामला अच्छाडला काहीतरी आणायला पिटाळलं. भंगारातली एक लोखंडी पट्टी घेतली, कापली, मधोमध भोक पाडलं, चेसिसला एक तुकडा वेल्ड करून त्यावर बोल्टने फिरती बसवली, सळ्या जोडल्या. लेथवाल्याची गरजच नव्हती. दोन दिवसांचं काम म्हणून जे मी टाळलं होतं ते चहाच्या वेळेआधी झालं. मग पट्टीला ग्रीस फासलं, त्यावर धूळ चोळली. वेल्डिंगच्या जागेवर काळा रंग मारला, वर तेलकट बोळा फिरवला. जुनं दिसावं म्हणून. हे मला कुणी शिकवलं? हात आपोआप चालत होते. मला आठवतंय, काम छान जमलं म्हणून क्षणभर बरंसुद्धा वाटलं होतं.

संध्याकाळी गाडी वाडीवर नेली. सायरसला म्हणालो, फॉल्ट काही नाही, शेठना स्वतः बसून बघू दे.

शेठ बसले. ओट्याच्या पायऱ्या धुतलेल्या होत्या, तरी त्यांनी आधी तिकडे पाहिलं. मग दांड्यावर हात ठेवला. स्वतःकडे ओढला, खाली घेतला. हळूच क्लच सोडला. गाडी हातभर पुढे गेली. त्यांनी थांबवली. पुन्हा केलं. पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी केलं आणि मग दांड्यावरून हात उचलून समोर धरला, आणि त्या हाताकडे बघत राहिले. उलटा केला, सुलटा केला. कुणाचा तरी हात आपल्या मनगटाला लावलेला असावा तसे.

मी बाहेर उभा राहून बघत होतो.

त्यानंतरचं मी पटकन सांगतो. शेठनी गाडी पुन्हा चालवली नाही, हे तर झालंच. पण तेवढ्यावर थांबलं नाही. पुढे काय होऊ शकतं याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस, चार दिवस हळहळेल, गाडी सोडेल, या वयात सोडायलाच हवी होती. पण ज्या माणसाने खाली नेलेला हात वर गेला असं मान्य केलं, त्याने आणखी कशावर विश्वास ठेवायचा? पंपाचं बटण बंद केलं की ते वाडीतल्या कुणालातरी हाक मारून बघून यायला लावायचे. नळ बंद आहे का, गॅस बंद आहे का, कडी लागली का. कलमं छाटायची कात्री त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली. तीस-चाळीस वर्षं त्या वाडीत त्यांच्याशिवाय कुणी पहिली फांदी कापली नव्हती. रोज संध्याकाळी तसबिरींपुढे दिवा तेच लावायचे. तोही सोडला. घराला आग लावेन म्हणाले. मग बाई वॉकर धरून उठायच्या, एका हाताने वॉकर आणि एका हाताने काडी, आणि ते मागे खुर्चीत बसून त्यांना सांगायचे, संभाळ, संभाळ.

सायरसने त्यांना मुंबईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांना खास काही सापडलं नाही. सापडणार कसं? वय म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते दुपारभर पेंगायचे. मग लोक म्हणायला लागले, शेठचं डोकं गेलं. वाडीचा कारभार सायरसने हातात घेतला. तो वाईट माणूस नाही. त्याला तेच खरं वाटत होतं, कारण ते मी सांगितलं होतं.

आणि माझ्यावर शेठचा जीव होता. तो वाढला. पंपाच्या कामाला गेलो की मला शेजारी बसवून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तू एकटा माझ्याशी खरा बोललास, हेमंत. बाकीचे सगळे मला बरं वाटावं म्हणून गोड बोलतात."

हे ऐकून मी काय केलं असेल? काही नाही. चहा प्यायलो. निघताना त्यांच्या पाया पडलो. बायकोला घरी येऊन सांगितलं की शेठ फार खंगले. ती म्हणाली, तुम्ही किती करता हो त्यांचं.

इथपर्यंत सांगितलं की वाटतं, झालं. आता थांबलो तर चालेल. दांडा उलटा ठेवला, सांगितलं नाही, नंतर लपवलं — एवढंही पुष्कळ आहे. पण अजून राहिलंय. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतो आहे.

अपघाताला दीड-दोन वर्षं झाली असतील. मी वाडीवर गेलो होतो, पंपाचा वॉशर बदलायला. काम झाल्यावर बाईंनी आत बोलावलं. त्या खिडकीशी कॉटवर बसून तांदूळ निवडत होत्या. शेठ बाहेर ओट्यावर, आरामखुर्चीत. मधलं दार उघडं होतं, त्यांची पाठ मला दिसत होती. बाहेरून त्यांचा आवाज आला, बाई, मी टोपी घातली का? बाईंनी इथूनच सांगितलं, घातली आहे. मग तांदळातून बोटं न काढता, खालच्या आवाजात त्या मला म्हणाल्या की एक विचारायचंय, राग नको मानू.

"त्या दिवशी तू माझ्या बाजूलाच उभा होतास. हे गाडी काढायला लागले, आणि तू बाजूला झालास. गाडी हलायच्या आधी. मी म्हटलं, हा का सरकला? म्हणून तुझ्याकडे बघत राहिले. मग गाडी आली."

त्यांनी वर पाहिलं. आरोप नव्हता त्यात. त्या खरंच विचारत होत्या. त्यांना गिअर कळत नव्हते, सळ्या कळत नव्हत्या. त्यांच्याकडे तेवढी एकच गोष्ट होती, डोळ्यांनी पाहिलेली. दोन वर्षं त्या ती मनात घोळवत होत्या, आणि नवऱ्यालाही बोलल्या नव्हत्या, आधी मला विचारलं.

त्या म्हणाल्या ते खरं होतं. मागच्या काचेतून मला शेठचा खांदा दिसत होता, दंड दिसत होता. दांडा स्वतःकडे आला, हात खाली गेला. मला कळलं. पुरतं कळलं — गाडी मागे येणार. ओरडायला वेळ होता. "शेठ" एवढं ओरडलो असतो तरी ते थांबले असते. बाईंचा हात धरून ओढायला वेळ होता, त्या माझ्यापासून हाताच्या अंतरावर होत्या. त्या वेळात मी माझे दोन पाय उचलले आणि बाजूला ठेवले. बशी सावरून. म्हणून दही सांडलं नाही.

मी स्वतःला कधी असा माणूस समजलो नव्हतो. कुणी समजतं का? आणि बाई मी सरकलो म्हणून माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिथे नसतोच तर कदाचित त्यांनी गाडीकडे पाहिलं असतं.

आता त्या विचारत होत्या. बाहेर ते बसले होते, दहा पावलांवर. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो बाई, मला माहीत होतं, शेठनी पहिलाच टाकला होता. त्या तांदूळ तसेच टाकून वॉकर ओढत बाहेर गेल्या असत्या आणि त्यांनी शेठना त्यांचा हात परत दिला असता. त्यांची मोडलेली मांडी मी सांधू शकत नव्हतो, पण हे होऊ शकत होतं. त्या खोलीत, त्या दुपारी, माझ्या एका शब्दाने.

मी म्हणालो, "नाही बाई. मी जागचा हललो नव्हतो. तुम्हाला तसा भास झाला असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर खाली केली नाही. मला वाटलं होतं त्या भांडतील, म्हणतील मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यांनी मान हलवली, हळूहळू, आणि पुन्हा तांदळात बघायला लागल्या.

"असेल रे," त्या म्हणाल्या. "मग माझं पण यांच्यासारखंच झालं म्हणायचं."

बाहेरून शेठनी पुन्हा टोपीचं विचारलं. या वेळी बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. मान उचलून दारातून त्यांच्या डोक्याकडे नीट पाहिलं, मग मला विचारलं, "घातली आहे ना?"

मी हो म्हणालो.

शेठ पुढच्या वर्षी गेले. बाईंना सायरस मुंबईला घेऊन गेला. त्याही तिथे वारल्या, असं नंतर कळलं. शेवटपर्यंत त्या औषधाची गोळी घेतली का, हे दुसऱ्याला विचारून घ्यायच्या, असं तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, वय असतं.

शेठनी पहिला गिअर टाकला होता. बाईंना भास झाला नव्हता. दोघांनाही मी तसं सांगितलं नाही.